गळाची पत्रं

९ जानेवारी, मंगळवार

शेरिल ट्रेव्हॅरो आली ती बूट न काढता थेट स्वयंपाकघरात! फरशीवर वितळलेल्या बर्फाचं तळं. माझी बायको हेल्मी असती तर तिथूनच परत पाठवली असती — विद्यापीठात प्राध्यापक असशील, माझ्या घरात बूट दाराशीच. पण हेल्मीला जाऊन चार वर्षं झाली, आणि मला कुणीतरी आलं याचाच आनंद इतका की मी मुकाट्याने कॉफी टाकली.

"सर, तुम्ही रिकामे आहात ना?"

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस दुसरं काय असतो!

विद्यापीठात सायबर सुरक्षेचं विभागीय प्रशिक्षण केंद्र निघतंय. सात काउंट्यांना मिळून एक. शेरिल प्रमुख. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काउंटीत, पाणी कचेरीतल्या कुणीतरी एका मेलमधली लिंक दाबली आणि चोरांनी सगळी यंत्रं बंद पाडली. अकरा दिवस नळाला पाणी नाही — जानेवारीत! शेरिलची आई तिथल्या वृद्धाश्रमात होती. बर्फ वितळवून प्यायले ते म्हातारे. तिची आई त्या पाण्याने आजारी पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून या पोरीने ध्यास घेतलाय.

"यंत्रं आहेत, माणसं आहेत, जागा आहे. पत्रं लिहिणारं कोणी नाही."

चोर पाठवतात तशी खोटी पत्रं आपणच आपल्या कचेऱ्यांना पाठवायची. कोण फसतं बघायचं, त्याला शहाणं करायचं. केंद्रात याला 'गळ' म्हणतात.

"आमची माणसं लिहितात ते वाचून मासा पोट धरून हसेल सर. आणि चोरांचं व्याकरण हल्ली तुमच्यापेक्षा चांगलं झालंय."

"माझ्यापेक्षा कुणाचंच नाही," मी म्हटलं.

हसली. नववीत हसायची तशी, ओठ दाबून.

हो म्हटलं! शाळा सुटून सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत 'लिहा' असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

११ जानेवारी, गुरुवार

केंद्र म्हणजे जुन्या खनिज प्रयोगशाळेचं तळघर. माझे वडील खाणीतल्या दगडांची पोती इथेच उतरवायचे. त्यांच्या डब्यात पेस्टी — मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी — असायची, कागदात गुंडाळलेली. अर्धी माझ्यासाठी ठेवायचे. आता तिथे पडदेच पडदे, आणि निळा उजेड. मला वाफेच्या नळाजवळचं टेबल दिलंय — ऊब आहे.

लॉइड लाइन हा इथला तंत्रज्ञ. कागद गिरणी बंद पडल्यावर चाळिशीत नव्याने शिकला. मागच्या बाकावरचा.

"तुमच्या तासाला मी झोपायचो सर."

"घोरायचास."

"आता तुम्ही झोपा. नळ गरम आहे."

त्यानेच नियम समजावले. लिंक दाबली, जोडलेलं काही उघडलं, उत्तर दिलं, पत्र कुणाला पुढे पाठवलं — सगळं चुकीत धरायचं. वर्षात पहिली चूक: दोन तासांचा वर्ग. दुसरी: लेखी ताकीद. तिसरी: घरी. हा नियम केंद्राचा नाही, काउंटीच्या मंडळाचा — विमावाल्यांनी अट घातली म्हणे. आणि संशय आला तर पडद्यावरचं लाल बटण दाबायचं. मग ते पत्र केंद्रात येतं, माझ्या टेबलावर. मी वाचायचं. खरं निघालं तर ज्याचं त्याला कळवायचं. तोवर ते तिकडे कुलपात, ज्याचं त्यालाही उघडत नाही.

एका कागदावर सही घेतली. केंद्रातलं अक्षर बाहेर बोलणार नाही म्हणून.

१९ जानेवारी, शुक्रवार

पहिला गळ. 'शाळेच्या जुन्या सहलीचे फोटो सापडले. तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात का? इथे बघा.' एवढंच. चार ओळी. पण त्या चार ओळींत सरोवराकाठची शेकोटी, भाजक्या माशाचा वास, ओले मोजे — सगळं बसवलं. कवितेत तेच तर असतं, थोड्या जागेत सगळं.

आमच्या काउंटीच्या एकशे चाळीस नोकरांपैकी एकसष्ट लागले!

लॉइडने टाळ्या वाजवल्या. शेरिलने केक आणला. "पहिला आकडा मोठाच हवा सर. आजार दिसला तर औषधाला पैसे मिळतात." खरंय. पण त्या एकसष्टांतल्या चाळिसांना तरी मी शिकवलंय. माझ्यावरचा विश्वास मीच वापरला, असं काहीसं.

२० जानेवारी, शनिवार

दुकानात मार्लिस हेक्किला भेटली. पाणी कचेरीत बावीस वर्षं कारकून. माझी विद्यार्थिनी, निबंधात नेहमी एक पान जास्त लिहायची.

"मी पण दाबलं हो सर! तिसऱ्या रांगेत मीच असणार असं वाटलं. आता मंगळवारी दोन तास वर्गात बसा, शाळकरी पोरासारखं." हसत होती. टोपलीत मीठ नसलेल्या वस्तू — डेलसाठी. नवरा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला. तो सगळा खर्च तिच्या नोकरीच्या विम्यावर.

ते मीच लिहिलं हे सांगितलं नाही. सही केलीय.

३० जानेवारी, मंगळवार

दुसरा गळ लिहिला.

सकाळपासून मिस हार्जू आठवत होत्या. चौथीचा वर्ग, कोळशाची शेगडी, आणि त्यांनी पाठ करून घेतलेली ती दीपगृहातल्या आईची कविता. रोज दिवा लावते, मुलगा बुडालाय हे तिला कुणी सांगत नाही. मी ती म्हणताना रडलो होतो आणि पोरांनी वर्षभर चिडवलं होतं. अजून सगळी येते. चालताना पावलांच्या तालावर म्हणतो.

त्याच तंद्रीत लिहिलं. 'आई, मी आहे. फोन बदललाय. खूप दिवस झाले, माहीत आहे. फोटो जोडलाय — उघड.'

माझेच डोळे भरून आले! लॉइडने वाचलं.

"हे वाईट आहे सर. म्हणजे, चांगलं आहे. म्हणजे... वाईट आहे."

शेरिल म्हणाली, पाठवा.

१ फेब्रुवारी, गुरुवार

अडतीस. त्यांतल्या तिघींनी उत्तरं लिहिली. उत्तरं माझ्या टेबलावर येतात.

एक म्हणते, 'राँग नंबर, पण बाळ गोड असेल.' दुसरीने शिवी घातलीय.

तिसरं मार्लिसचं. 'कुठे आहेस? पायात धड बूट आहेत ना?'

ट्रेंट! तिचा ट्रेंट. नऊ वर्षांपूर्वी बापाच्या वेदनेच्या गोळ्या चोरताना सापडला, डेलने दाराबाहेर काढला, तो गेला तो गेलाच. अख्ख्या गावाला माहीत आहे. मला माहीत आहे. अकरावीत तो माझ्या वर्गात होता! आणि मी दीपगृहात बसलो होतो!

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पायात धड बूट आहेत ना.

५ फेब्रुवारी, सोमवार

शेरिलच्या खोलीत गेलो. म्हटलं, मार्लिसची दुसरी चूक धरू नकोस. तो गळ नव्हता, ती सुरी होती, आणि ती मी मारली.

"एक नाव काढलं की उद्या दहा काढावी लागतात सर."

"दहा काढ."

"चोर नावं काढतात?" उठून उभी राहिली. "चोर बघतो का, हिचा मुलगा गेलाय, हिला सोडू या? उलट तिलाच आधी धरतो. माझी आई बर्फाचं पाणी पिऊन गेली, सर. ती लिंक दाबणारी बाईसुद्धा बिचारी चांगलीच होती."

ती चुकीचं बोलली नाही. हेच वाईट. तर्काने तिच्याशी मी नववीतही जिंकलो नव्हतो.

ताकीद गेली. मार्लिसची आता एकच वेळ उरली. वर्ष संपायला अकरा महिने.

७ फेब्रुवारी, बुधवार

राहवलं नाही. संध्याकाळी पाचला मार्लिसकडे गेलो. अंगणात वाफेच्या अंघोळीची खोली तापत होती; तरी तिने मला घरात बोलावून बसवलं, वेलदोड्याचा पाव कापला, कॉफी दिली. डेल खिडकीशी खुर्चीत, पाय उशीवर. पाय सुजून भोपळे झालेत.

सही मोडली. सगळं सांगितलं.

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे ते तुम्ही होतात."

"मी होतो."

"आणि मी लिहिलं ते तुम्ही वाचलंत. बुटांचं."

"वाचलं."

डेल खिडकीतून बाहेर बघतच बोलला, "सर, पुढच्या वेळी मी मेलो असं कळवा हिला. त्याला तरी ही लगेच उत्तर देणार नाही."

"गप रे," ती म्हणाली. पण हसली नाही.

मी म्हटलं, "नीट ऐक. जे पत्र काळजाला लागेल ते माझं समज. उघडू नकोस, उत्तर देऊ नकोस. लाल बटण दाब आणि मोकळी हो."

"आणि शंका आली तर? तुम्हाला फोन करू?"

इथे मी काय बोललो ते लिहूनच ठेवतो. म्हटलं, "फोन नको. फोन करू नकोस. मी सही केलीय — कळलं तर मला काढतील." मला काढतील! पोट त्या टेबलावर चालतं का माझं? निवृत्तिवेतन आहे, घर आहे. पण कुणीतरी 'सर, लिहा' म्हणतंय ते सुटेल, याची भीती वाटली.

"बरं," ती म्हणाली. "नाही करत."

पाव बांधून दिला. मी आणला. अजून टेबलावर आहे तसाच.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा गळ मुद्दाम वाईट लिहिला. शेरिलने कागद परत टाकला. "हे तुमचं नाही. मागच्या बाकावरच्याचं वाटतंय." लॉइड म्हणाला, "ऐकतोय मी."

पुन्हा लिहिलं. बर्फ उपसणाऱ्या गाडीने फाटक तोडलंय, भरपाईचा अर्ज इथे. चांगलं झालं. मला वाईट लिहिता येत नाही, हा काय गुण म्हणायचा!

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरा गळ गेला. लागले फक्त नऊ! मार्लिसने लाल बटण दाबलं — पत्र आल्यावर चाळीस सेकंदांत. लॉइडने वेळ दाखवली.

रात्री शांत झोप लागेल.

२६ फेब्रुवारी, सोमवार

लाल बटणाचा पूर आलाय. लोक भ्यालेत. दंतवैद्याची आठवण, चर्चच्या जेवणाचं आमंत्रण, बायकोने पाठवलेली वाण्याची यादी — सगळं केंद्रात. मार्लिस सगळ्यांच्या पुढे. मंडळाच्या अध्यक्षांनी तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर तिने अध्यक्षांनाच पकडून दिलं! लॉइड हसून हसून खोकला.

ढीग तीनशेच्या वर. मी रोज पन्नास वाचतो, रोज सत्तर येतात.

शेरिलने सांगितलं, उद्घाटन १४ मार्चला. राज्यातून पाहुणे येणार. "सर, एक काम तुम्हीच करायचं. उद्घाटनासाठी कविता."

"माझी?"

"मग काय लॉइडची?"

"आणि ढीग?"

"आता नुसता मोजून ठेवा. आकडा लागेल भाषणात. वाचा नंतर सावकाश."

कविता! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, व्यासपीठावरून!

२ मार्च, शनिवार

चार कडवी झाली. दुसरं पाडलं.

६ मार्च, बुधवार

बारा ओळींवर आणली. खाणीत उतरणाऱ्यांसाठी वर कुणीतरी दोर धरून बसलेला असे, तसं हे केंद्र — अशी कल्पना. शेवटच्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय. दिवसभर तेच. वाफेच्या नळाशी बसून बोटांवर मोजत होतो. मिस हार्जू असत्या तर म्हणाल्या असत्या, विल्हो, मोठ्याने म्हण, कान सांगेल.

ढीग: आठशे बारा. मोजला.

११ मार्च, सोमवार

'धरून' काढून 'धरी' केलं. बसलं!

१४ मार्च, गुरुवार

उद्घाटन झालं.

वरच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. बाहेर सरोवरावरून वारा, पाहुण्यांच्या पातळ शहरी बूट बघून लॉइड खूश. पेस्टी, कॉफी, फीत, कात्री. शेरिलने आकडे सांगितले: एकसष्ट, अडतीस, नऊ. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती आईविषयी बोलली नाही, पण आकडे वाचताना आवाज दोनदा फाटला. मला तिचा अभिमान वाटला. खरंच वाटला.

मग मार्लिसला वर बोलावलं. 'काउंटीची सर्वांत जागरूक कर्मचारी.' चौकटीतलं प्रमाणपत्र. तिने निळा झगा घातला होता, केस बांधले होते. फोटो काढणारा म्हणत होता, हसा, हसा. ती फोटोवाल्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, दुसऱ्या रांगेत. मी हात हलवला.

माझी कविता सगळ्यांत शेवटी. आवाज कापला नाही. एका पाहुण्या बाईंनी हात हातात घेतला — "आमच्या शाळेत तुमच्यासारखे शिक्षक हवे होते."

निघताना मार्लिस कोट घालत दाराशी उभी होती. "सर, काही...?" म्हणाली. मी म्हटलं, "अभिनंदन, पोरी!" ती जरा थांबली. मग म्हणाली, "तुमची कविता छान होती," आणि गेली. डेलला आणायचं होतं इस्पितळातून.

आजचा दिवस मी जपून ठेवणार आहे.

१५ मार्च, शुक्रवार

ढीग वाचायला घेतला. आधी मार्लिसची.

दुपारी दोनच्या सुमारास, मार्लिसने पाठवलेलं, ५ मार्चचं. 'आई, मी आहे. सगळं टाइप करता येत नाही. कागदावर लिहून त्याचा फोटो जोडलाय. एवढं उघड.'

पहिल्यांदा वाटलं, माझंच! माझा दुसरा गळ कुणीतरी पुन्हा सोडला. लॉइडला विचारलं. "आपण नाही सोडला सर. आणि हे बाहेरून आलंय. परराज्यातल्या कुठल्याशा वाचनालयाच्या यंत्रावरून."

जोडलेलं उघडायला वेगळं यंत्र आहे, कशालाच न जोडलेलं. त्यावर उघडलं.

डावखुरं अक्षर. मागे झुकलेलं. पेन इतकं दाबून लिहिलेलं की फोटोतसुद्धा कागदावर वळ दिसतात. अकरावीत त्याची वही पालथी केली तरी वाचता यायची. त्यावरून मी त्याला म्हणायचो, ट्रेंट, कागदाने तुझं काय बिघडवलंय?

उतरवून ठेवतो.

'आई, हातानं लिहितोय कारण टाइप केलेलं खोटं वाटतं. तुझा पत्ता काउंटीच्या वेबसाइटवर सापडला, घरचा नंबर बंद लागतो. दीड वर्ष झालं, मी काही घेत नाही. डुलुथ बंदरात बोटींवर काम मिळालंय. मंगळवारी १२ तारखेला माझी बस आपल्या पेट्रोल पंपावर थांबते, दोन वाजून वीस मिनिटांनी, दहा मिनिटं. तू उभी असलीस तर उतरतो. बाबांना आणू नको, आणलंस तरी चालेल. नसलीस तर मी समजेन, पुन्हा त्रास देणार नाही. ट्रेंट.'

आज पंधरा.

लॉइड उठून बाहेर गेला. थंडीत, कोट न घालता.

१६ मार्च, शनिवार

त्या पत्त्यावर उत्तर लिहायला बसलो. मी तुझा इंग्रजीचा सर. तुझ्या आईने पत्र वाचलंच नाही, तिचा दोष नाही.

एक वाक्य सरळ उतरेना. जे लिहावं ते गळासारखं वाटे. 'आई तुझी वाट बघतेय' — गळ! 'या नंबरवर फोन कर' — गळ! शेवटी चार कोरड्या ओळी पाठवल्या.

वाचनालयाचं उत्तर आलं: हे खातं सर्वांसाठी खुलं आहे, येथे आलेली पत्रं पोचवली जात नाहीत.

डुलुथच्या बोट कंपन्यांना फोन केले. अजून बर्फ फुटलेलं नाही, नोकरभरती एप्रिलात. या नावाचं कुणी नाही. नाव देत नसेल.

१७ मार्च, रविवार

पेट्रोल पंपावर गेलो. काउंटरवर वांडा असते, तिला मंगळवार आठवत होता.

"उंच, बारीक? हो हो. खाली उतरला की तो. बाकी कुणी उतरलं नाही, उणे वीस होतं. कॉफी घेतली. मला म्हणाला, बाहेर ती हिरवी गाडी कुणाची? म्हटलं, माझी. मग तिथे आइसबॉक्सपाशी उभा राहिला. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मी म्हटलं, अरे राजा, बस जाईल. म्हणाला, जाईलच."

"मग?"

"मग गेली. तो बसूनच गेला हो. आणखी कुठे जाणार?"

पायात बूट होते का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

१८ मार्च, सोमवार

शेरिलला सगळं सांगितलं. पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिने दोनदा वाचलं. दार लावलं.

"ढीग मोजायला मीच सांगितलं," म्हणाली.

"वाचायचं काम माझं होतं."

"तिला कळलंय?"

"नाही. आणि अजून एक. फेब्रुवारीत मी तिला जाऊन सांगितलं होतं. काळजाला लागेल ते उघडू नकोस, म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता; राग परवडला असता. "म्हणजे गावात किती जणांना सांगितलंत?"

"तिला एकटीलाच."

"तिने किती जणांना सांगितलं असेल?" हाताने कपाळ धरलं. "म्हणजे माझा नऊसुद्धा खोटा असू शकतो. परवा पाहुण्यांसमोर... सर, तुम्ही मला कॉपी करताना पकडलं होतं एकदा. आठवतं? आईला बोलावलं होतंत."

"आठवतं."

"घरी जा सर. चावी लॉइडकडे द्या." मग मी दाराशी पोचल्यावर म्हणाली, "मार्लिसला सांगू नका. काय हाती लागणार तिच्या? तारीख गेली."

मीही तेच म्हणत होतो मनात, तीन दिवस. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं ते कसं वाटतं.

१९ मार्च, मंगळवार

पत्राचा फोटो कागदावर छापून आणलाय. टेबलावर पालथा ठेवलाय. अर्ध्या दिवसात एकदाही कविता आठवली नाही. एकही.

२० मार्च, बुधवार

मार्लिसला दिला. तिने ओट्याशी उभ्यानेच वाचला. घडी घातली. खिशात ठेवला.

"मला वाटलं होतं सर, त्याचंच आहे. पण तुमच्या त्या पत्राच्या वेळीही तसंच वाटलं होतं ना." डेलची औषधं डबीत लावत होती, हात थांबले नाहीत. "फोन नको म्हणालात. म्हणून बटण दाबलं — ते तुमच्याच टेबलावर जातं ना. मला वाटलं, सर वाचतील."